ढग हाकलणाऱ्या शालनताई

पडद्यावर ढग दिसला की शालनताई त्याला पदरानं हाकलायच्या. "सरक की रं बाजूला," असं वर म्हणायच्याही. साताऱ्यातल्या आमच्या कार्यालयात उपग्रहाच्या फोटोंवरून जमिनीचे नकाशे होतात. कुठं पीक, कुठं जंगल, कुठं पाणी. मी तिथं नवा होतो तेव्हा मला वाटलं, या बाईंचं काही खरं नाही. पुढं कळलं, आमच्यात डोकं जागेवर असलेल्या त्याच होत्या.

पण शिकवताना जीव नकोसा करायच्या! नकाशात रंग भरायच्या आधी त्यांचा प्रश्न ठरलेला, "हा फोटू कवाचा?" स्वच्छ हवा म्हणून आम्ही सगळे एप्रिलचा फोटो उचलायचो. त्यात आटपाडीकडचे माळ करपलेले दिसायचे आणि आम्ही खुशाल लिहायचो, पडीक.

ताईंचं माहेर तिकडचंच, मेंढपाळाचं. एकदा त्यांच्या भावाची मेंढरं चरतात तोच माळ आमच्या नकाशात पडीक म्हणून रंगला. पडीक ठरलं की कुंपण पडून चराई बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ताई अडून बसल्या. साहेब हसून म्हणाले, माहेरची ओढ दिसतेय. ताईंचा आवाज जराही चढला नाही.

"आवं साहेब, उन्हाळ्यात माणसं मेंढरं घेऊन लांब जात्यात. दाराला कुलूप दिसलं म्हणून घर ओसाड म्हणायचं व्हय?"

साहेब तसे वाईट नव्हते. पावसातला फोटो आणा, बदलतो म्हणाले. पण सप्टेंबरअखेर नकाशा वरच्या कचेरीत जाणार म्हणजे जाणार. झालं! उपग्रह दर काही दिवसांनी डोक्यावरून जायचा आणि नेमका त्या माळावर ढग. त्यातच ताईंच्या हृदयाचं जुनं दुखणं उसळलं. दवाखान्यात जाताना मला म्हणाल्या, तू बघ, आणि हात हलवायला लाजू नकोस.

लाज वाटायचीच. खोलीत कुणी नसलं की हलवायचो. महिना संपत आला आणि एका सकाळी ढग फाटले. खाली माळ हिरवागार, पार ओढ्यापर्यंत! मला भरून आलं. तिथूनच त्यांना फोन लावला. आवाज फार खोल गेला होता.

"मेंढरं दिसत्यात का रं?"

आमच्या फोटोत घर धड दिसत नाही, तिथं मेंढरू कुठलं दिसायला! हेही त्यांनीच शिकवलेलं. मी म्हटलं, "नाही ताई. नुसतं हिरवं दिसतंय."

"मग हाईत की," त्या म्हणाल्या. "भर रंग."

भरला. पडीक पुसून कुरण लिहिलं, साहेबांनी त्याच दुपारी सही केली. माळ राहिला. ताई मात्र त्याच आठवड्यात गेल्या.

परवा नव्या पोरांना शिकवत होतो. पडद्यावर ढग आला आणि माझा हात सगळ्यांदेखत हलला. पोरं हसली. हसू देत.