पहिल्या फोटोला न उघडणारी पाती

माझ्या मुलीने एका शहात्तर वर्षांच्या माणसाला सांगितलं की चूक तुमची आहे. ती त्यांची नव्हती, असं आता मला जवळजवळ नक्की वाटतं. काल दुपारपासून डोक्यातून हे जात नाही. उद्या सकाळी नऊ वाजता तोच माणूस तोच कॅमेरा गळ्यात अडकवून उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, उभा राहणार आहे.

मुलीचं नाव बुद्धप्रिया, घरात प्रिया. वय एकतीस. लातूरला राहून कॉलेजांचे आणि लॅबचे मायक्रोस्कोप दुरुस्त करते. दिवाळीत कॉलेजं रिकामी असतात, तेव्हा तिला काम जास्त. शनिवार-रविवार ती नांदेडला येते आणि मागच्या खोलीत बसून जुने रोलचे कॅमेरे उघडते. मोठ्या रोलचे, दोन भिंगांचे. नांदेड, परभणी, पार हदगावपासून लोक तिच्याकडे आणतात. बहुतेक जण स्टुडिओ बंद केलेले म्हातारे.

लहानपणी ही फ्रीजसमोर तास-तास बसायची. दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का, हे तिला बघायचं होतं. दार बोटभर उघडं ठेवून डोळा लावायची, मग अजून थोडं कमी. शेवटी दाराजवळचं बटण सापडलं, ते बोटाने दाबलं आणि दिवा गेला. तेव्हा तिने मला स्वयंपाकघरातून हाताला धरून ओढत नेलं होतं. तिच्या पप्पांनी, म्हणजे आनंदराजांनी, त्या महिन्याचं वीजबिल तिच्या नावाने वाचून दाखवलं होतं.

आजही ती तशीच आहे. स्वतः पाहिलेलं तेवढंच खरं. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडायचं, खिडकीकडे धरायचं, कळ चढवून बटण दाबायचं. आतली पोलादी पाती पापणीसारखी उघडून मिटतात, तेवढ्यात उजेडाचा ठिपका दिसतो. असं ती पन्नास वेळा करते आणि वहीत पन्नास रेघा ओढते. पन्नासच्या पन्नास आल्या की कॅमेरा बरा झाला.

रामलिंगप्पा तिच्याकडे दसऱ्याच्या आधी आले. उदगीरला त्यांचा स्टुडिओ होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर मोंढ्यात ज्या सकाळी वजनकाटा पुन्हा सुरू होतो, त्या सकाळी पहिलं पोतं चढायच्या आधी सगळे हमाल काट्याभोवती उभे राहतात आणि अप्पा त्यांचा एक फोटो काढतात. सव्वीस वर्षं झाली. एकच फोटो. कुणी म्हणालं अजून एक घ्या, तर अप्पा म्हणतात, दुसरा काढला की पहिला खोटा पडतो. रोलचे उरलेले अकरा फोटो ते घरी नातवंडांवर संपवतात. मोंढ्यातले फोटो हमालांच्या खोलीत ओळीने लावलेले आहेत.

गेल्या वर्षीचा नाही. रोल धुऊन आला तेव्हा नातवंडं अकराच्या अकरा स्वच्छ आली आणि मोंढ्याचा फोटो कोरा. त्या दिवशी रांगेत उभा असलेला एक हमाल या उन्हाळ्यात वारला. घरच्यांनी अप्पांकडे फोटो मागितला.

प्रियाने शटर उघडून पाती पेट्रोलने पुसली. रेघा ओढल्या, पन्नास. मागच्या शनिवारी अप्पा परत आले तेव्हा त्यांना म्हणाली, "अप्पा, मशीन चांगलं आहे. तुम्ही त्या दिवशी भिंगावरचं झाकण काढायचं विसरला असाल. वरच्या भिंगातून सगळं दिसत राहतं, खालचं झाकलेलं असलं तरी कळत नाही."

अप्पा कपातला चहा संपवून म्हणाले, "आसंल बाई. वय झालं. माझंच कायतरी चुकलं आसंल."

जाताना चप्पल घालायला त्यांना फार वेळ लागला. कॅमेरा पुढच्या आठवड्यात पुतण्या घेऊन जाईल, एवढं तिला सांगून गेले.

रविवारी प्रियाने तो शेवटचा पुसून, मागचं झाकण उघडं ठेवून कपाटावर ठेवला. मला तिच्या कॅमेऱ्यांना हात लावायची बंदी आहे. त्यालाही कारण आहे. चार वर्षांपूर्वी एका अडकलेल्या कॅमेऱ्यात मी शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. मशीन अडलं की आपण दुसरं काय करतो? पण या पात्यांना तेल चालत नाही. ओल्या काचा एकमेकींना चिकटतात तशी ती चिकटतात. प्रिया तेव्हा रागावली नाही. दोन दिवस बसून एकेक पातं पुसलं, एवढंच.

तरी सोमवारी सकाळी धूळ पुसताना मी तो उचलला. ती काय बघते ते मला एकदा बघायचं होतं. खिडकीकडे धरला, कळ चढवली, दाबलं. खट आवाज आला, ठिपका दिसला नाही. वाटलं, पापणी लवली. परत दाबलं, दिसला. मग दहा वेळा, दहाही वेळा दिसला.

मंगळवारी पुन्हा तेच. पहिल्यांदा नुसता आवाज, मग सगळं ठीक. आता मला चैन पडेना. दुपारी पाहिलं, तासाभराच्या विश्रांतीनंतर पहिल्याच दाबाला उघडला. मंगळवारी रात्री तो स्वयंपाकघरात गॅसजवळच्या फळीवर ठेवला, तर बुधवारी सकाळी लगेच उघडला. बुधवारी रात्री परत गार कपाटावर ठेवला. गुरुवारी सकाळी खट, आणि अंधार. मी बीएस्सी आहे, बॉटनीची का असेना. रात्रभर पडून राहिला आणि गारठा असला की पाती चिकटतात. कुठून तरी तेलाचा अंश परत उतरत असणार. एकदा झटका बसला की मोकळी होतात. प्रियाच्या पन्नास रेघांत पहिली रेघ कधी सकाळची नव्हतीच. ती जेवण करून बसते, कॅमेरा हातात खेळवते, मग मोजायला लागते.

आणि अप्पा तर सकाळी एकच फोटो काढतात.

आनंदराजांना सांगितलं, तर ते म्हणाले, "आता दारावर कॅमेरादुरुस्तीची पाटी लावतो. आई आणि कंपनी." पण मग पेपर खाली ठेवून त्यांनी विचारलं, प्रियाला सांगितलंस का. मी म्हटलं, अजून एक सकाळ बघते. तेवढ्यात अप्पांचा पुतण्या बसवंत आला. मी त्याला चहा विचारला आणि पिशवी त्याच्या हातात दिली. का दिली? कदाचित माझं ते शिलाई मशीनचं तेल आठवलं. कदाचित माझ्या मुलीचं चुकलं, हे मला पाहुण्यासमोर बोलायचं नव्हतं.

उपाय अगदी साधा आहे. फोटोच्या आधी भिंगावर झाकण ठेवूनच कळ चढवायची आणि चार-पाच वेळा दाबायचं. या कॅमेऱ्यात रोल वेगळ्या चाकाने पुढे सरकतो, म्हणून एकही फोटो वाया जात नाही. हे सांगायला एक मिनिट पुरेल. आज दिवसभर दोनदा मी अप्पांचा नंबर काढला आणि ठेवून दिला. मी परस्पर सांगितलं, तर उद्याचा फोटो येईल. पण झाकण विसरलो होतो, असं ते मात्र मरेपर्यंत समजत राहतील. त्या हमालाच्या घरच्यांनाही त्यांनी बहुधा तेच सांगितलं असेल. तुमचं चुकलं नव्हतं, हे त्यांना प्रियाच्याच तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे.

प्रिया चिडेल. हात का लावलास, म्हणेल. मग वही काढायला लावून वेळा विचारेल. सोमवारी किती वाजता, खिडकी उघडी होती का, किती गारठा होता. ते सगळं मी लिहून ठेवलं आहे. आणि मग ती वहीतल्या पन्नास रेघा पुन्हा मोजेल, ते मला सगळ्यात जड जाणार आहे.

अकरा वाजून वीस मिनिटं झाली आहेत. अप्पा साडेपाचला उठतात, म्हणजे त्यांना काय सांगायचं ते ठरवायला तिला रात्र आहे. मी लातूरला फोन लावते.