सीटी स्कॅनमधला करदोडा

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. दर्यापूरला शाळेत विज्ञान शिकवतो, आणि या ग्रुपवरचे अनुभव वाचून खदाखदा हसणाऱ्यांपैकी मी एक. तरी लिहितोय...

पोट दुखायचं म्हणून सोनोग्राफी केली, तर उजवीकडे आतड्यापाशी गाठीसारखं काहीतरी दिसलं. साधी की वाईट, ते सीटी स्कॅनशिवाय कळणार नव्हतं. अमरावतीच्या सेंटरवाल्यांनी सूचनांचा कागद दिला - चार तास उपाशी या, किडनीचा क्रिएटिनिन रिपोर्ट आणा, अंगावर धातू नको. माझ्या कमरेला लग्नातला चांदीचा करदोडा. पोट सुटल्यापासून त्याचा फासा काही निघेना. त्या मंगळवारी सकाळी पक्कड घेतली आणि सरळ तोडला.

आई म्हणाली, "अरे, जित्या मानसाचा करदोडा कोनी तोडते का? मेल्यावर तोडतेत."

"मशीनले चांदी चालत नाही, आई." तुकडे तिच्या हातात दिले आणि एसटी पकडली.

सेंटरवर तासभर औषधाचं पाणी घोट घोट प्यायलो. मग टेबलावर आडवा. हात डोक्यामागे, एका हातात सुई. पहिला फोटो निघाला आणि टेक्निशियन मुलगी बाहेर आली.

"काका, करदोडा काढाले सांगितला होता ना तुमाले?"

"काढूनच आलो, मॅडम."

तिनं गाउन सरकवला. कमरेवर नुसता पांढरा वण. चादर बदलली, टेबल पुसलं, पुन्हा फोटो घेतला. पुन्हा तेच. "हलू नका," एवढंच ती माइकवरून म्हणत राहिली. उठून पळावंसं वाटत होतं, पण सुई टोचलेली, अर्धं अंग मशीनमध्ये. खरं सांगतो, मी घाबरलो.

नंतर तिनं स्क्रीन दाखवली. कमरेभोवती करदोडा, फाशासकट अख्खा! आणि त्याच्या चकाकीत नेमकी गाठीची जागा झाकलेली.

मशीनचा दोष म्हणून आठ दिवसांनी अकोल्याला गेलो. दुसरं सेंटर, दुसरं मशीन... फोटो तोच. घरी येऊन आईनं तुकडे ठेवलेला डबा उघडला, तर ते जसेच्या तसे आत.

दोन महिने झाले. दुखणं वाढतंय. सर्जन फोटो बघून म्हणतात, "सर, आधी तो करदोडा काढून या. गाठ दिसल्याशिवाय मी पोटाला हात लावणार नाही."

रोज आंघोळीला बसलो की कमरेवरून सावकाश बोटं फिरवतो. हाताला काही लागलं तर काढीन ना.