वन्संचा प्रोग्राम दुसऱ्याच्या घरी

माझ्या नणंदबाई वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या, पण काम काही सुटलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काढलेल्या फोटोतले परागकण ओळखून मोजणारा एक प्रोग्राम त्यांनी लिहिलाय. कुणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा, सुधारावा. आमच्या जेवणाच्या टेबलाचं एक टोक कायमचं त्यांच्या वायरींना दिलेलं.

परवा लांबच्या कॉलेजातल्या एका मुलीचं मेल आलं. तीन दिवस खटपट करूनही प्रोग्राम तिच्या संगणकावर बसत नव्हता. सोमवारपर्यंत जमलं नाही तर सर संशोधनाचा विषय बदलायला लावणार, दोन वर्षं गोळा केलेले नमुने पेट्यांतच राहणार.

"माझ्याकडे तर सुरळीत चालतो," वन्सं म्हणाल्या आणि मेल पुन्हा वाचायला लागल्या.

आज जप आटोपून उठले तोच त्यांनी मला धरलं. जुना लॅपटॉप पुसून कोरा करून ठेवलेला.

"वहिनी, प्रोग्राम कसा बसवायचा ते त्या पानावर मी लिहिलंय, तेवढंच करायचं. मी तोंड उघडणार नाही."

"मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणून तर तू. माहीतगार माणूस माझी चूक गुपचूप भरून काढतो."

देवाचं नाव घेऊन बसले. स्तोत्रातलं अक्षर गाळायचं नाही ही माझी सवय, तशीच एकेक ओळ उतरवत गेले. चौथ्या ओळीला लाल अक्षरं आली. काहीतरी सापडत नाही म्हणे. मी नाव वाचून दाखवलं.

"ते तर असतंच," वन्सं म्हणाल्या.

"कुणाकडे?"

त्यांनी आपला संगणक उघडून पाहिला. फोटो वाचून देणारा तो छोटा मदतनीस प्रोग्राम त्यांनी नऊ वर्षांपूर्वी आपल्या संगणकात घातला होता, आधी काय काय लागतं त्या यादीत लिहायचा मात्र राहिला तो राहिलाच.

"आणि प्रोग्राम बसत नाही म्हणणाऱ्यांना मी आळशी म्हणत होते," त्या पुटपुटल्या.

यजमान डोकावले. "स्वयंपाकघर संपावर?"

"आज कुकर तुम्ही लावा," मी म्हटलं.

यादीत भर पडली. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून. या खेपेला प्रोग्राम बसला, पण एकाच फोटोत त्यांच्याकडे २१४ कण, माझ्याकडे २०९. मदतनीसाची नवी आवृत्ती फोटो जरा वेगळा वाचत होती. म्हणून यादीत नावापुढे आवृत्तीचा नेमका आकडाही घातला. तिसऱ्या खेपेला दोघींकडे २१४.

"आता नेटवर चढवा की."

"चढवते, पण आवृत्तीच्या नव्या आकड्याने. तीन-दोनचं तीन-तीन."

"एवढ्याशासाठी?"

"जुन्याच आकड्याखाली बदललं, तर कुणाकडे कुठला आहे ते कसं कळणार? तिची मोजणी पडताळायची कुणी आणि कशी?"

वन्संनी तीन-तीन चढवून मुलीला कळवलं. चारच्या सुमारास तिचा निरोप आला. चालला, बसवायला सतरा मिनिटं लागली, पहिली पेटी मोजायला घेतलीय, सोमवारी सरांना दाखवते.

माझे हात आपोआप जोडले गेले. वन्संनी चष्मा कपाळावर सरकवला.

"सतरा? कुठे अडली असेल?" म्हणाल्या, आणि तिलाच विचारायला बसल्या.