ई-४५ वर मागे राहिलेला कंडक्टर

ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवरच्या ब्रेनर खिंडीजवळच्या थांब्यावर मी लघवीला उतरलो आणि आमची बस माझ्या बायकोला घेऊन निघून गेली. चूक सर्वस्वी माझी. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला वाटलं, कोणीतरी डोकी मोजेल आणि मगच घंटी मारेल. त्या बसला कंडक्टर नव्हताच. किती मिनिटं थांबणार ते ड्रायव्हरनं दोन भाषांत सांगितलं होतं. मला दोन्ही येत नाहीत.

सकाळी म्युनिकहून निघालो होतो. आमची मुलगी सुजाता तिथं नोकरीला आहे. जावई कामानिमित्त इटलीत, व्हेरोनाला. ते तिकडं उतरवून घेतील या भरवशावर तिनं आम्हा दोघांना बसमध्ये बसवून दिलं. शकुंतलेनं बसल्याबरोबर शाल ओढली. बस आमच्या चिखलीची असो की परदेशची, हिला लागलीच झोप.

मी खिडकीशी. हिरव्या पाटीवर ‘E 45’ दिसलं. म्हटलं, पंचेचाळीस किलोमीटर, फार तर पाऊण तास. तासाभरानं पुन्हा पाटी आली, तरी पंचेचाळीसच. आणखी अर्ध्या तासानं तेच. ड्रायव्हर गोल फिरवतोय की काय, म्हणून पलीकडच्या बाईंना पाटी दाखवून खुणेनं विचारलं. त्यांनी मोबाइलवर नकाशा काढला. ते अंतर नव्हतं, रस्त्याचं नाव होतं. नॉर्वेच्या बर्फात निघायचं ते इटलीच्या पार खालच्या बेटावर समुद्राला टेकायचं, असा तो रस्ता. बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आल्प्सच्या डोंगरात हा रस्ता जमिनीवरून कमी आणि हवेतून जास्त जातो. दरीत उंचच उंच खांब रोवलेत, त्यावरून गाडी सुळकन जाते. खाली मुठीएवढी गावं, प्रत्येकात एक टोकदार चर्च, उतारावर कापून ठेवलेलं गवत. आमच्या राजूर घाटात निदान वळणावर माकडं तरी बसलेली असतात. इथं हॉर्न नाही, हाक नाही, रस्त्याच्या कडेनं चालणारा एक माणूस नाही.

आणि मग तो थांबा. रास्टप्लाट्झ (विसाव्याची जागा) म्हणतात. बाहेर आलो तर बसच्या जागी नुसतं डांबर. मोबाइल बसमध्ये, शकुंतलेच्या पिशवीत. तिला ना भाषा येते, ना उतरायच्या गावाचं नाव ठाऊक. मी वाटेच्या तोंडाशी धावलो. दुसरी एक बस बाहेर पडत होती, तिला ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ या आपल्याकडच्या रीतीनं हात दाखवला. त्या ड्रायव्हरनं मला छान हात हलवून दाखवला आणि गेला.

बाकावर बसलो. गाड्या येत, माणसं उतरत, कॉफी पीत, जात. चिखलीच्या स्टँडवर एखाद्याची गाडी चुकली की दहा जण गोळा होतात, बारा सल्ले देतात, वर खिदळतात. इथं माझ्यावर हसायलाही कोणी नव्हतं. वरच्या कुरणात गाई चरत होत्या, गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. त्या मेल्या गाई सारख्या दोन-दोनच वाजवत होत्या.

पलीकडं एका ट्रकच्या पायरीवर पिकल्या मिशांचा ड्रायव्हर टोमॅटो कापत बसला होता. स्तोयान, बल्गेरियाचा. मी खुणांनी सगळं नाटक करून दाखवलं. बस, झोपलेली बायको, मी. तो सुरी खाली ठेवून म्हणाला, “तिकीट?”

तीन दशकं जो शब्द मी लोकांच्या तोंडावर मारला, तो असा परत आला. तिकीट माझ्या शर्टाच्याच खिशात होतं. मागं सुजातानं स्वतःचा नंबर लिहून दिला होता. लोकांना सांगायचो, तिकीट सांभाळा. सांभाळलंच होतं की, फक्त काढून पाहिलं नव्हतं.

त्यानं फोन लावून दिला. सुजाता एवढंच म्हणाली, “बाबा, तिथून हलू नका.” दहा मिनिटांनी तिचा फोन आला. आईला उठवलंय, ड्रायव्हरशी बोललेय, तो तिला पुढं बोल्झानोच्या स्टँडवर उतरवतोय. मी स्तोयानला विचारलं, बोल्झानो? न्याल का? त्यानं आडवी मान हलवली. मी आभार मानून वळलो, तर मागून ट्रकचं दार उघडल्याचा आवाज. बल्गेरियात म्हणे आडवी मान म्हणजे ‘हो’. फक्त तिकडं ट्रकवाल्यांना ठरावीक तासांनी घ्यावीच लागते ती सक्तीची विश्रांती संपायची होती. किती? त्यानं बोटांनी दाखवलं, पंचेचाळीस मिनिटं. हा आकडा काही माझा पिच्छा सोडेना.

तेवढ्या वेळात त्यानं पावाला ल्युतेनित्सा (भाजलेल्या लाल मिरचीची चटणी) लावून दिली. आपल्या ठेच्याची सौम्य, शहरात शिकलेली बहीण.

उतार लागला. बोगदे, खडकावरचे किल्ले, मग सफरचंदाच्या बागा, लाल फळांनी वाकलेल्या. स्तोयाननं काचेवर चिकटवलेला बायकोचा फोटो दाखवला. घर सोडून चार आठवडे झाले होते. मीही फुशारकी मारली. मी मुक्कामी गाडीवर असायचो, जळगाव जामोदकडच्या खेड्यात रात्र काढायची, लोक पिठलं-भाकर आणून द्यायचे, गप्पा रंगायच्या, एकटं असं कधी वाटलंच नाही. त्याला किती कळलं कोण जाणे. तो फोटोकडं बघत गाडी चालवत राहिला.

बोल्झानोच्या स्टँडवर शकुंतला दोन्ही बॅगांवर हात ठेवून बसली होती. मला वाटलं, रडेल. तिनं एकदा नखशिखान्त पाहिलं आणि विचारलं, “जेवले का?”

चिखलीला परतल्यावर जो येईल त्याला मी हे सांगतो. गाई सांगतो, हात हलवणारा ड्रायव्हर सांगतो, आणि ते तीन तास कसे खायला उठले ते तर फारच रंगवून. परवा जुने सोबती बसले होते, मी सांगत सांगत त्या बाकापर्यंत आलो होतो. शकुंतलेनं चहाचा ट्रे ठेवला.

“तीन घंट्याची गोठ तीन मयने झाले सांगून राह्यले,” ती त्यांना म्हणाली, मग माझ्याकडं वळली. “तुमी बत्तीस वर्सं मुक्कामी गाडी घेऊन जायचे, माह्या त्या रातींची गोठ म्या कोनाले सांगतली काय?”