आत्यांचा ओला कचरा

बाहेरगावचा पाहुणा आला की आमच्या आत्या आधी विचारत, "तुमच्याकडे ओला कचरा कसा उचलतात?" प्रवास कसा झाला, हे नंतर. त्या कोणाच्याच आत्या नव्हत्या. उत्तरेतल्या तीर्थक्षेत्री, बालाजी घाटाजवळच्या आमच्या मराठी गल्लीनेच त्यांना आत्या करून टाकलं होतं. यजमानांच्या रेल्वेतल्या बदल्यांमुळे त्या गावोगाव राहिल्या आणि प्रत्येक गाव त्यांनी कचऱ्यावरून लक्षात ठेवलं.

"इंदूरला गाडी गाणं म्हणत येते. पुण्याला बाई दारात बादलीत डोकावते, मिसळलेलं दिसलं की झापते! आणि इथे? खिडकी उघडली की ढीग." ढीग खराच होता, नेमका त्यांच्या खिडकीखाली. गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून सगळे तिथेच टाकत. आत्यांनी सफाई निरीक्षकाला इतकं भंडावलं, की तो म्हणाला, "माताजी, सब घर गीला-सूखा अलग रखें, तो ठेला दरवाज़े पर आएगा. नहीं तो ढेर यहीं रहेगा."

मग आत्या दारोदार फिरल्या. गल्लीत सगळी भिक्षुकांची, पूजापाठ करणारी घरं. वेगळं ठेवायचं म्हटल्यावर बायकांना एकच वेगळेपण ठाऊक. निरीक्षकसाहेब तपासणीला आले, त्या सकाळी दारोदार दोन बादल्या: एकीत नैवेद्याच्या भाज्यांची सालं, दुसरीत कांदा-लसणाची. कागद-प्लास्टिक कोपऱ्यात पोत्यात, कारण त्याला सोवळं-ओवळं नाही.

"इसमें सूखा कौन सा है?" साहेबांनी विचारलं. पहिल्याच दारातल्या जोशीकाकू ठसक्यात म्हणाल्या, "ये सोवळ्याची, वो ओवळ्याची!"

साहेब चक्रावले. आत्यांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "साहब, इंदौर में गीला एक ही होता है. हमारे यहाँ दो हैं. हम उनसे आगे हैं! सूखा उस बोरे में है."

साहेब पोट धरून हसले. दुसऱ्या दिवसापासून तो ठेला, कचऱ्याची हातगाडी, दारात यायला लागला. ढीग गेला. आत्या तासन्‌तास खिडकीत बसत आणि ठेलेवाल्यालाही सूचना देत.

पुढच्याच वर्षी मुलगा त्यांना आपल्याकडे घेऊन गेला, विसाव्या मजल्यावर. मी फोनवर मुद्दाम डिवचलं, "काय आत्या, तिथली पद्धत कशी?"

"भिंतीत एक भोक आहे रे. त्यात टाकायचं, की संपलं. खाली कोण उचलतं, दिसतसुद्धा नाही. दिवसभर भांडायला एक माणूस मिळत नाही मला."

त्यांच्या भांडणाला आम्ही किती कंटाळायचो! पण त्या दिवशी फोन ठेवला आणि मला भरून आलं.