पांढऱ्यावर पांढरा

लेक जर्मनीतल्या येना शहरात ऑप्टिक्स शिकत होती, ती तिच्या बाबांच्या हट्टापायी. तिला चित्रकला करायची होती. शेवटी दोघांचं ठरलं: आर्ट कॉलेजला एकदाच अर्ज करायचा, जमलं तर जमलं, नाहीतर ऑप्टिक्स मुकाट्यानं पुरं करायचं. अर्जासोबत मापे द्यावी लागते, म्हणजे आपल्या चित्रांचा संच. त्यातलं मोठं चित्र ती सुट्टीत लुडविग्सहाफेनला, आमच्या घरी करत होती.

तिचं वेड एकच, सुप्रेमाटिस्मुस. शंभर वर्षांपूर्वी रशियात निघालेला प्रकार. नुसते चौकोन, गोल, पट्टे. ना माणूस, ना झाड. ती जर्मनमधून भरभरून सांगायची आणि मी "हो का, छान" म्हणत भाजी चिरायचे. "चौकोन तर मीही काढीन," असं एकदा बोलूनही गेले मेली.

खंडेनवमीला मी घरातली हत्यारं पुजते. यांचा लॅपटॉप, माझं शिलाई मशीन, विळी. त्या वर्षी म्हटलं, पोरीचे ब्रशही मांडू, चार दिवसांत मापे द्यायची आहे. ब्रशांमागे तिचा कोरा कॅनव्हास भिंतीला टेकून उभा होता. नव्या वस्तूला कुंकू नको? ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटं उठवली, अगदी मधोमध, मनापासून.

ती आंघोळ करून आली आणि दारातच थांबली.

कॅनव्हास कोरा नव्हता हो! पांढऱ्यावर पांढरा, किंचित तिरका चौकोन होता. दोन महिने ती थरावर थर देत होती, माझ्या डोळ्यांदेखत. करायला गेले गणपती अन् झाला मारुती. ओलं फडकं घेऊन धावले, तर लाल आणखीच पसरलं.

हे तिला म्हणाले, "अगं, परत पांढरा मार ना, तासाभराचं काम." असा एकेक थर वाळायला किती दिवस जातात, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं.

जन्मभर मला जर्मनमध्ये उत्तरं देणारी पोर त्या दिवशी मराठीत बोलली. "आई, तू एकदाही बघितलं नाहीस."

ओरडली असती तर परवडलं असतं. मापे त्या चित्राशिवाय गेली. नकार आला. आता ती ऑप्टिक्स करतेय, मुकाट्यानं. फोनवर "या, या, आलेस गूट", म्हणजे हो, हो, सगळं ठीक, एवढंच.

चित्र मी टाकू दिलं नाही, हॉलमध्ये लावलंय. सकाळच्या उजेडात जरा बाजूला उभं राहिलं की चौकोन दिसतो. त्याची वरची कड किती सुरेख उतरलीय! रोज वाटतं, तिला फोन करावा. पण "दिसला गं मला" हे आता कुठल्या तोंडानं सांगू?