आमच्या मागचं दूध

मी मुळातच संशयी. माहेरी म्हणायचे, ही पोरगी हातावर ठेवलेला गूळसुद्धा उलटा करून बघते. सासर मिळालं भाटघर धरणाच्या पाण्याकाठचं, आणि तिथं माझ्या या स्वभावाला चांगलं खतपाणी मिळालं.

आमचं घर बौद्धांचं. धर्म बदलून बरीच वर्षं झाली होती, पण गावाच्या तोंडातली जुनी जात काही गेली नव्हती. नवरा पुण्याला कारखान्यात, घरात मी, सासूबाई आणि एक म्हैस. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा गावात दूध गोळा करायचं केंद्र निघालं. त्याआधी आमच्या म्हशीचं दूध गावात कुणी घेत नसे. तूप करून बघितलं, तर तेही कुणी घेईना. केंद्रावर मात्र पाटीच होती, की येईल त्याप्रमाणे नंबर लागेल आणि तपासात उतरेल ते दूध घेतलं जाईल. सगळ्यांचं दूध एकाच कॅनात पडायचं आणि टेम्पोतून भोरला जायचं. भोरला गेल्यावर त्यातलं आमचं कुठलं नि पाटलाचं कुठलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. केंद्र होतं म्हणून म्हैस होती. आमचं खातं बंद पडलं असतं तर तिला बाजार दाखवावा लागला असता.

तपास साधाच होता. काचेची एक उभी नळी होती. तीत दूध ओतायचं आणि वरून काचेची कांडी सोडायची. दूध चोख असेल तर कांडी वर तरंगायची, पाणी असेल तर खाली जायची. कांडी वर राहिली की सगळे ‘डिग्री लागली’ म्हणत. डिग्री लागली नाही तर केंद्रावर दूध तपासून घेणारा मास्तर त्या दुधात चिमूटभर नीळ टाकायचा, म्हणजे ते परत कुठं विकता येऊ नये. निळं दूध घेऊन भर गावातून घरी जाणं म्हणजे धिंडच. दर निळीला वहीत नावापुढं एक खूण, आणि तीनदा नीळ पडली की खातं बंद.

आधीचा मास्तर होता तोवर सगळं ठीक चाललं होतं. तो सोडून गेला आणि त्याच्या जागी वेल्ह्याकडचा एक जण आला. तेव्हापासून एक विचित्र प्रकार सुरू झाला. आमचं दूध उतरायचं, पण रांगेत आमच्या मागं जो असेल त्याची डिग्री लागायची नाही. रोज नाही, पण गावाच्या डोळ्यावर येण्याइतकं.

गावानं लगेच निदान केलं. सासूबाई रांगेत उभ्या असताना बुद्धवंदनेतलं त्रिसरण पुटपुटायच्या. म्हातारपणी पाठ केलेलं, विसरायला नको म्हणून. लोकांना वाटलं, म्हातारी करणी करते. वरच्या आळीतल्या थोरल्या वैनी नेमक्या दोनदा आमच्या मागं सापडल्या होत्या. त्या तोंडावरच म्हणाल्या, “म्हातारे, काय पुटपुटतीस गं? माझ्या दुधाचं पाणी करतीस व्हय?”

सासूबाई हसल्या. “अवो वैनी, मला येवडं येत असतं तर म्या पाण्याचं दूध केलं नसतं का?”

मला हसू आलं नाही. मी सगळ्यांवरच संशय घेत होते. आधी वाटलं, वैनीच पाणी घालत असणार आणि खापर आमच्यावर फोडत असणार. मग वाटलं, मास्तर पैसे खातो. एक दिवस तर मी सासूबाईंच्या ओठांकडं बघत राहिले. संशयाला सासू-सून कळत नाही.

शेवटी केंद्राच्या पंचांचा निरोप आला. सोमवारी भोरहून दूध संघाचे साहेब येणार, त्यांच्यापुढं आमचं खातं बंद करायचा विषय निघणार. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. म्हशीला मात्र त्यांनी दोनदा पेंड घातली.

आमचं दूध मोजून झालं की मास्तर आम्हाला लगेच वाटेला लावायचा. मागं काय होतं ते मी कधी बघितलंच नव्हतं. रविवारी मी वाटेला लागल्यासारखं केलं, आणि वळसा घालून मागच्या खिडकीशी उभी राहिले. म्हटलं, बघू तरी कोण काय ओततं ते.

ओतत होता मास्तर. बाकीच्यांच्या वेळी तो नळी नुसती रिकामी करून पुढचं दूध घ्यायचा. आमच्यानंतर मात्र त्यानं तांब्या उचलला आणि हात लांब धरून नळीत वरून पाणी सोडलं. नळी फडक्यानं धरून जराशी कलंडवली. आमचा विटाळ लागलेली नळी हातात धरून पालथी कोण घालणार? दोन बोटं पाणी आतच राहिलं. त्याच पाण्यावर त्यानं पुढच्याचं दूध ओतलं.

माझं डोकं भणभणलं. ओरडावंसं वाटलं, पण ओरडून माझं कुणी ऐकलं असतं? सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “आता गप ऱ्हा. सायबाम्होरं त्यो करंल तवा बग.”

सोमवारी साहेब आले. सगळा गाव जमला. थोरल्या वैनींनी सगळं गाऱ्हाणं सांगितलं. मी पुढं झाले आणि एवढंच म्हणाले, “सायेब, आमचं घ्या, आन मागनं वैनींचं घ्या. रोज घेत्यात तसंच घ्या.”

आमची डिग्री लागली. मग मास्तर अडला. त्यानं एकदा साहेबांकडं, एकदा वैनींकडं बघितलं, आणि हात आपोआप तांब्याकडं गेला. पाणी सोडलं, नळी कलंडवली, वैनींचं दूध ओतलं. कांडी खाली गेली. वैनींनी कपाळावर हात मारला. ही त्यांची तिसरी वेळ होती.

साहेबांनी ती नळी हातात घेतली, पालथी घालून झटकली, आणि वैनींच्या त्याच किटलीतलं दूध पुन्हा ओतलं. कांडी वर आली.

“पाणी का घातलंस?” साहेबांनी विचारलं.

“धुतली, सायेब.”

“हिच्याच मागून का धुतलीस?”

मास्तरनं तांब्या बाजूला सरकवला. साहेबांनी जमलेल्या लोकांकडं बघितलं. उत्तर तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, लहान पोरांनासुद्धा. कुणी तोंड उघडलं नाही. त्या गप्प राहण्याचा मला जितका राग आला तितका निळीचाही कधी आला नव्हता.

साहेबांनी सगळ्यांदेखत हुकूम दिला, की तपास चालू असताना नळीला पाणी लावायचं नाही. वैनींच्या नावापुढच्या आधीच्या दोन्ही खुणा खोडल्या. आमच्या खात्याचा विषय निघालाच नाही. येताना सासूबाई म्हशीशी बोलावं तसं स्वतःशीच बोलत होत्या, “ऱ्हायली बाई, म्हस ऱ्हायली.”

मी मात्र निवांत नव्हते. हे लोक इतक्या सहज ऐकतील यावर माझा विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीच्या वेळी पोचलो, तर सगळा गाव आमच्या आधी रांगेत. सगळ्यांत पुढं थोरल्या वैनी. तिसऱ्या दिवशी आम्ही लवकर गेलो, तर आमच्या मागं कुणी उभंच राहीना. किटल्या घेऊन सगळे चिंचेखाली थांबले, आणि मास्तरही आमच्या किटलीला हात लावेना. टेम्पो यायची वेळ झाली. उशीर झाला असता तर सगळ्यांचंच दूध नासलं असतं, आमचंही. सासूबाईंनी माझा हात धरला आणि मला बाजूला घेतलं. लोक मुकाट्यानं पुढं सरकले.

सगळ्यात शेवटी मास्तरनं आमचं दूध घेतलं. डिग्री लागली. ते सगळ्यांच्या दुधात, त्याच कॅनात ओतलं. मग त्यानं तांब्या उचलला. आमच्या मागं कुणीही नव्हतं, तरी त्यानं नळी धुतली.